घाटमाथ्यावरचा चहा

"वर कोणतरी वाट बघत बसलेलं पायजे, मास्तर. न्हायतर घाट चढायचा कशाला?" बॉनेटवरून फडकं फिरवत अण्णा हे हमखास म्हणायचे. वर म्हणजे तवंदी घाटाच्या माथ्यावर.

निपाणीत माझ्या घराशेजारी त्यांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याची मोडीत निघालेली स्टेशन वॅगन त्यांनी घेतली आणि तिच्यावर जीव ओवाळून टाकला. आत लाल रेक्झीन, दारांना बाहेरून सागवानी पट्ट्या, मागच्या काचेला झालरीचे पडदे. तुम्ही ती पाहिली असतीत तर हसला असतात. एवढी लांब, की ती गल्लीत वळायला लागली की आम्ही पोराबाळांना आणि शेळ्यांना घरात घ्यायचो. अण्णांची बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. "दुसरं लग्न गाडीशीच लावलंत," असं आम्ही चिडवायचो. ते हसायचे.

बेळगावात खडेबाजारात त्यांच्या एका मित्राचं कापडाचं दुकान होतं. त्याच्याकडेही तसलीच वॅगन. सत्तरच्या दशकात दर रविवारी सकाळी तो निपाणीला यायचा आणि दोघं घाटात शर्यत लावायचे. तेव्हा रस्त्यावर गाड्या तरी कितीशा असायच्या. नियम एकच. आधी पोचेल त्यानं माथ्यावरच्या हॉटेलात दोघांचा चहा सांगायचा, दुसऱ्याच्या कपावर बशी झाकायची आणि तो येईपर्यंत आपलाही प्यायचा नाही.

मित्रच दर वेळी जिंकायचा. "हारलो तर हारलो की," अण्णा म्हणायचे, "गेल्या गेल्या चहा तयार असतोय."

मग तो मित्र वारला. त्याच्या मुलांनी वॅगन विकून टाकली. अण्णा मात्र एकटेच घाट चढत राहिले. एकदा मला बरोबर नेलं. हॉटेलातली बाकं रिकामी होती. अण्णा गाडीतून उतरलेच नाहीत.

"आता दर बारीला मीच पयला," ते म्हणाले. "लई वंगाळ वाटतंय."

पुढच्या रविवारी त्यांना न सांगता मी पहिल्या बसनं माथ्यावर गेलो, दोन चहा सांगितले, एकावर बशी झाकली. वॅगन धापा टाकत आली. अण्णांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हारलो व्हय मी?"

"हरलात अण्णा. बसनं हरवलं."

बशी उचलून ते सावकाश चहा प्यायले. डोळे पुसायला गाडीचंच फडकं घेतलं. तेव्हापासून मी दर रविवारी बसनं पुढं जायचो. बसकडून हरून इतका खूश होणारा माणूस साऱ्या चिकोडी तालुक्यात दुसरा नसेल.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. त्या रविवारी वॅगन आली नाही. अण्णा पहाटे झोपेतच गेले होते, पण ते मला गावात परतल्यावर कळलं. त्या सकाळी माथ्यावर मी बाकावर बसून नुसता वळणाकडे बघत होतो.

"गार झाला असंल, मास्तर," हॉटेलवाला म्हणाला. "दुसरा आणू का?"

मी नको म्हटलं. त्यांचा कप झाकलेला होता आणि माझाही मी अजून प्यायलो नव्हतो.