मधला रकाना

छापील तक्ता शाळेत आला की बाई तो आधी वाचत नसत. पाटीवर ठेवत, लाकडी पट्टी लावत आणि तांबड्या पेन्सिलीने त्यात एक उभी रेघ ओढत. मग मान वर करून, तक्ता छापणारा समोरच बसलाय अशा आवाजात विचारत, "आन् कारण लिवायला रकाना कुठं हाय?"

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. माझे वडील भोरला संस्थानच्या नोकरीत होते. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी बसले होते. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझ्या तोंडाला कोरड पडे. मार्गासनीजवळच्या एका लहान हायस्कुलाला इंग्रजी शिकवणारं कोणी हवं होतं. वडिलांनी मला पाठवलं. राहणं शाळा चालवणाऱ्या बाईंच्याच घरी.

शाळा सरकारी नव्हती आणि मिशनचीही नव्हती. चौथीनंतर ज्यांचं शिक्षण सुटलं होतं, अशांसाठी ती काढलेली. अर्धा दिवस धडे, अर्धा दिवस सुतारकाम आणि शेत. मिसरूड फुटलेली मुलं आणि बारा वर्षांची मुलं एकाच सतरंजीवर बसत. निम्मी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची, निम्मी वरच्या धनगरवाड्यांची. बाई स्वतः वेल्ह्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. लवकर विधवा झालेल्या, पुण्यात शिकून परत आलेल्या. मला त्या ‘मडम’ म्हणत. आधी चिडवायला, मग सवयीने.

त्यांच्या हजेरीच्या वहीत ‘गैरहजर’ हा शब्द नव्हता. त्या जागी ‘नदी’, ‘लावणी’, ‘आई बाळंत’ असं लिहिलेलं असे. पावसाळ्यात वाड्यांवरच्या मुलांना नदी अडवी. चैत्रात वरचे झरे आटत आणि ती गुरं घेऊन पाण्यामागे जात. तेव्हा पुढे ‘पाणी’ असं लिहिलेलं असे. वार्षिक परीक्षा नेमकी चैत्रात. म्हणून बाई त्या मुलांची परीक्षा माघातच घेत, तेच पेपर, तितकाच वेळ. शेवटच्या वर्गातली वाड्यांवरची पाचही मुलं माघात पास झाली होती. उत्तरपत्रिका मी स्वतः तपासल्या होत्या. हे लक्षात ठेवा, कारण मी ते ठेवलं नाही.

त्या वर्षी शाळेला मान्यता मिळायची होती. मिळाली तर शेवटचा वर्ग मॅट्रिकला बसणार होता, नाहीतर वर्गच बंद. तपासणीला शिक्षण खात्याचे डेप्युटीसाहेब आले. त्यांनी एका धनगराच्या मुलाला विचारलं, लंडन कोणत्या नदीवर आहे?

"टेम्स," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सायेब, तिला पायी वलांडायला उतार कुठं हाय?"

साहेब हसले, त्यांचा कारकून त्याहून जास्त हसला. शेऱ्यात लिहिलं गेलं, असंबद्ध बोलतो. ते गेल्यावर बाईंनी त्यांच्या चहाचे कप इतक्या जोरात विसळले की एकाचा कान तुटला. नदी वलांडून शाळंत येणाऱ्यानं दुसरं काय इचारावं, म्हणाल्या.

मग माहितीचा तक्ता आला. इंग्रजी, छापील. रकाने मी बाईंना वाचून दाखवले. नाव, जात, बापाचा धंदा, हजर दिवस, निकाल. बाईंनी हजर दिवस आणि निकाल यांच्यामध्ये तांबडी रेघ मारली आणि बारीक मराठीत प्रत्येकापुढे कारण लिहिलं, माघातले गुण लिहिले. त्याची इंग्रजीत स्वच्छ प्रत मी करायची होती.

मी केली. फार सुंदर केली. आखलेल्या चौकटीबाहेर लिहिणं हा गलथानपणा, असं मला आठ वर्षं शिकवलेलं होतं. ती तांबडी, जराशी वाकडी रेघ मला गावठी वाटली. साहेब हसतील, बाईंची शोभा होईल, असं मनाशी ठरवून मी ती गाळली, तिच्याबरोबर कारणं आणि माघातले गुणही. पाच मुलांपुढे निकालात काय लिहायचं? चैत्रात बसली नाहीत, म्हणून नापास.

सही करताना बाईंनी विचारलं, "समदं घातलंस न्हवं, मडम?"

मी हो म्हटलं.

उत्तर श्रावणात आलं. मान्यता नाकारली होती. खाली एक वाक्य होतं, की या जातीच्या मुलांना वरच्या शिक्षणाची आवड वा कुवत दिसत नाही. जात आणि नापास, एवढंच त्या माणसाने पाहिलं आणि पाच मुलांचा निकाल लावून टाकला.

बाईंना ते वाचून दाखवताना मी रडत होते, डेप्युटीला शिव्या देत होते. मला शिव्या येतात हे मला त्याच दिवशी कळलं. बाईंनी माझ्या प्रतीची नक्कल मागितली. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण रकाने मोजता येत. त्यांनी बोटाने मोजले, दोनदा.

"त्याला ठावं न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुला ठावं हुतं."

बाईंनी तांबड्या रेघेचा तक्ता पुन्हा पाठवला. तो नमुन्यात नाही म्हणून परत आला. दिवाळीत वर्ग बंद झाला आणि मी भोरला परतले. पुढे अख्खी शाळाच मिटली. बाई पालीच्या वर एका धनगरवाड्यावर जाऊन राहिल्या, तिथेच मुलं जमवून शिकवू लागल्या, असं कळलं.

दोन वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. नदी दोन्ही काठ भरून चालली होती. काठावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, उतार कुठे आहे? त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आता दोन म्हैनं न्हाई. थंडीत या की, बाई. घोट्याएवढं पानी असतंय."

मला ते माहीत होतं. म्हणूनच मी आषाढात गेले होते.

थंडी आली, मी गेले नाही. पुढच्या थंडीपर्यंत बाई हयात राहिल्या नव्हत्या. बाईंनी माझी हजेरी घेतली असती तर माझ्या नावापुढे ‘नदी’ लिहिलं नसतं.