अमावस्येची तारीख

मी जीप चालवायला शिकलो ते एका तळ्याच्या पोटात. तळं लातूरच्या बाहेर होतं आणि त्यात पाणी असतं तर मला आजही गाडी येत नसती. पण त्या सालात पावसानं आमच्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तळाला भेगा पडून चिखलाच्या मोठमोठ्या फरशा झाल्या होत्या आणि त्यांच्यावरून उस्तादांची जुनी जीप गोल गोल फिरवण्यात माझी सकाळ जायची. चाकाखाली शिंपले फुटल्याचा बारीक आवाज यायचा. जिथं कधीकाळी मासे फिरले तिथं आपण दुसरा गिअर टाकतोय, असं मनात आलं की क्लचवरचा पाय आपोआप उचलला जायचा आणि जीप आचके देऊन बंद पडायची.

“कुठं गेलतास?” उस्ताद विचारायचे.

“हितंच हाय की.”

“न्हाईस तू हितं. डोळे उघडे ठेवून झोपतोस लेका.”

आमच्याकडं गाडी शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, मग तो कुणी का असेना. माझे उस्ताद लातूरजवळच्या एका गावातले शेतकरी होते. शेत कोरडं पडलेलं, बैल पाव्हण्यांकडं धाडलेले. राहिली होती ती ही जीप. तिच्यावर ते दिवसा सवाऱ्या मारायचे आणि सकाळी माझ्यासारख्यांना शिकवायचे. माणूस तोंडानं फटकळ, पण जीव लावणारा. मी चुकलो की शिव्या द्यायचे आणि शिव्या देऊन झाल्या की खिशातले शेंगदाणे पुढं करायचे.

मी होतो हदगावकडचा. लातूरला बहिणीच्या खोलीवर येऊन राहिलो होतो, कारण लातूर तेव्हा नुकताच नवा जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून निघून एकेक ऑफिस यायचं आणि जागा मिळेल तिथं बसायचं. एखादं कुणाच्या माडीवर, एखादं बंद पडलेल्या गोदामात. पाट्यांचा रंग वाळायच्या आत माणसं आत रांग लावायची. ऑफिसं आली म्हणून साहेब आले, साहेबांसाठी जीपा आल्या आणि जीपांसाठी ड्रायव्हर भरायचे निघाले. नवरात्रात मुलाखती होत्या. आमचे बा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचे. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, “नवा जिल्हा काय रोज रोज होत नाही बाबू. ही जागा सोडू नको.” आमच्या घरात तोवर महिन्याच्या पगाराचं माणूस झालेलं नव्हतं.

मुलाखतीला पक्कं लायसन्स लागत होतं. माझ्यापाशी होतं लर्निंग. परीक्षा घ्यायला साहेब नांदेडहून ठरल्या दिवशी यायचे, आणि तारीख मागायला गेलो तर खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, “दिवाळीनंतर.”

दिवाळीनंतर लायसन्स घेऊन मी काय करणार होतो? तळ्यात फिरणार होतो? मी खिडकी सोडली नाही. हात जोडले, मुलाखतीचं सांगितलं, बांचं सांगितलं. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी कारकुनाला दया आली की कंटाळा, कोण जाणे; तो म्हणाला, “नवरात्राच्या आधीचा एकच दिवस रिकामा हाय. पर तो तुझ्या कामाचा न्हाई.”

“का बरं?”

“सर्वपित्री अमावस्या हाय त्या दिवशी. पितरपाठात कुणी गाडीला हात लावंना, अन् अमावस्येला तर कुत्रं फिरकत न्हाई हितं. साहेब येतेत, चहा पितेत, जातेत.”

मला हसूच फुटलं. आमच्या घरात अमावस्या येते आणि जाते, तिला कुणी विचारत नाही. बा तरणेपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून पितर जेवू घालणं नाही, नारळ नाही, उतारा नाही. साऱ्या जिल्ह्यानं टाकून दिलेला एक आख्खा दिवस माझ्यासाठी मोकळा पडला होता. मी म्हणालो, “तोच द्या,” आणि बहिणीच्या खोलीपर्यंत रस्ताभर तरंगत गेलो. कोरडे पांढरे ढग वरून चालले होते आणि मला तेही देखणे वाटले.

उस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला.

“अमावस्येला? माझी गाडी?” ते म्हणाले. “येड लागलं का तुला?”

त्यांची जीप एकदा अमावस्येलाच रस्ता सोडून कडब्याच्या गंजीत घुसली होती. त्या दिवसापासून अमावस्येला ती अंगणातून हलत नव्हती. आणि परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची असते; साहेब काही गाडी घेऊन येत नाहीत. मी विनवण्या केल्या, रुसलो, दोन सकाळी तळ्यावर गेलोच नाही. तिसऱ्या सकाळी उस्ताद स्वतः बहिणीच्या दारात आले. “येतो,” म्हणाले, “पर चाकाखाली लिंबू ठेवून मंग गाडी काढायची. ते चालंल का?” मी चटकन हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्या नोकरीसाठी मी दहा लिंबांवरून गाडी घातली असती.

पण आदल्या दिवशी बा आले. हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, दोन एसट्या बदलून, धुळीनं भुरे होऊन. पोराची परीक्षा बघायची म्हणून आले होते. त्यांना लिंबाचं सांगायची माझी छाती झाली नाही.

सकाळी मैदानावर खरंच कुणी नव्हतं. एक टेबल, एक खुर्ची, खुर्चीत लाल डोळ्यांचे साहेब आणि पलीकडं कडुलिंबाखाली आमची जीप. ऊन असं की मैदान पाण्यासारखं हलत होतं. उस्तादांनी धोतराच्या सोग्यातून लिंबू काढलं. दुष्काळातलं लिंबू ते, सुपारीएवढं, वाळून कडक झालेलं. पुढच्या चाकाखाली ठेवायला ते वाकले, तेव्हा बा पुढं झाले.

“उस्ताद, हे काय करून राहिले?”

“गाडीची रीत हाय, पाव्हणं.”

“गाडी तुमची हाय, तुमची रीत तुमच्यापाशी,” बा शांतपणे म्हणाले. “पण पोरगं माझं हाय. त्याचं चाक लिंबावरून जाणार नाही.”

“मंग गाडी बी जायची न्हाई.”

“नाही तर नाही.”

झालं. दोघेही हाताची घडी घालून उभे. दोघांचाही माझ्यावर जीव होता आणि दोघांनाही मी त्या क्षणी दिसत नव्हतो. मला रडू कोसळायचं बाकी होतं. बांचा राग आला, उस्तादांचा आला, त्या वाळक्या लिंबाचा आला. तेवढ्यात टेबलाकडून हाक आली, “कोण हाय का परीक्षेला? का जाऊ?”

उस्ताद पुटपुटले. काय ते कळलं नाही, पण शिवी असावी. मग लिंबू चाकाखाली सरकवून ते स्वतः जीपमध्ये चढले, गाडी हातभर पुढं घेतली आणि खाली उतरले.

“हे माझं झालं,” ते बांना म्हणाले. “तुमच्या पोराचं चाक कोरडं हाय. आता तरी जाऊ द्या त्याला.”

बांनी चेंगरलेल्या लिंबाकडं पाहिलं. “सरबत झालं असतं,” एवढंच म्हणाले आणि बाजूला सरले.

साहेब शेजारी येऊन बसले. मी आठचा आकडा काढून दाखवला, मागं घेऊन दाखवली. “रस्त्यावर घे,” साहेब म्हणाले. “सरळ.” उस्तादांनी मला बजावलं होतं, साहेब सांगतील तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. मी सरळ निघालो. गाव मागं पडलं. मी तिसऱ्या गिअरमध्ये गेलो आणि डाव्या बाजूनं बारीक घोरणं ऐकू आलं. साहेब झोपले होते.

आता काय करायचं? उठवावं तर साहेब चिडतील, वळावं तर सांगितलेलं नाही, थांबावं तर नापास. मी सरळच जात राहिलो. अमावस्येचा रस्ता तो, समोरून गाडी नाही, मागून गाडी नाही. दोन्ही बाजूंना करपलेली ज्वारी, मधेच एखादी मोकळी विहीर. खड्डा आला की मी तो दुरूनच हेरायचो आणि हळूच बगल द्यायचो. साहेबांची मान एकीकडं कलली की मी आणखी हळू व्हायचो. हा रस्ता नांदेडला जातो हे मला माहीत होतं. साहेब उठलेच नाहीत तर दिवस कलायला गोदावरीचा पूल लागेल, मग हदगाव, मग आमच्या वस्तीच्या तोंडाशी जीप उभी करून मी आईला हाक मारीन आणि आई झोपलेल्या साहेबांवर पदरानं वारा घालील. मला इतकं सुख झालं की परीक्षेचं भानच राहिलं नाही.

एका चढावर जनावरांचा तांडा आडवा आला. छावणीकडं चाललेली, हाडं निघालेली गुरं. मी थांबलो, ती जाऊ दिली आणि गाडी मागं न सरकवता पुन्हा चढ चढलो. साहेबांनी कूस बदलली. त्यांचे डोळे उघडले ते पार पुढच्या फाट्यावर.

“कुठं आलो रे?”

“अहमदपूरच्या वाटंवर, साहेब.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच म्हणलाव, सरळ.”

मला वाटलं, संपलं सगळं. पण साहेबांनी आळस दिला. “पहाटं नांदेडहून निघालो,” ते म्हणाले, “एसटीच्या ड्रायव्हरनं हाडं खिळखिळी केली. तुझ्या गाडीत डोळा लागला. पास हायस. आता वळव लवकर, माझी एसटी जाईल.” पुढं मुलाखत झाली, मला घेतलं आणि त्या नव्या जिल्ह्याच्या जीपा मी निवृत्त होईपर्यंत चालवल्या. पण त्या दुपारी यातलं काही माहीत नव्हतं. फक्त पास हा शब्द तोंडात धरून मी परत आलो.

आम्ही गेलो होतो त्याला फार वेळ झाला होता. मैदानातल्या दोघांना तो किती वाटला असेल, हे मला तिथं पोचल्यावर कळलं. उस्ताद आणि बा भर उन्हात, सावली सोडून, रस्त्याकडं तोंड करून शेजारी शेजारी उभे होते. दोघांचे हात जोडलेले. बा मोठ्यानं त्रिशरण म्हणत होते आणि त्यांच्या मागून, शब्दाला शब्द लावत, उस्ताद म्हणत होते. उस्तादांचे डोळे घट्ट मिटलेले होते, त्यामुळे जीप आलेली आधी बांनाच दिसली.

बांनी म्हणणं थांबवलं नाही. उस्ताद मधेच अडकू नयेत म्हणून त्यांनी ते सावकाश शेवटपर्यंत नेलं. मी जीप बंद केली आणि त्यांचं संपेपर्यंत स्टेअरिंग धरून बसून राहिलो. मग उस्तादांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि एकदम ओरडले, “मुडद्या! माझ्या समद्या देवांची नावं घेऊन झाली, तरी तुझा पत्ता न्हाई. मंग पाव्हण्यांना म्हनलं, तुमचं काय असंल ते म्हना, मी मागनं म्हनतो.”