एअरगनचा टेकू बदलून बदलून थकलो

टेबलावर टेकवून एअरगन चालवणाऱ्यांनो, जरा सांगा. बंदुकीच्या पुढच्या भागाखाली कोणता टेकू ठेवू, हे मले महिनाभर ठरवताच नाही येऊन राहिलं.

आज रेंजवर सदर बाजारातून आणलेला भारी लोखंडी स्टँड लावला. छर्रे कागदभर पसरले. मग रेतीची पिशवी लावली, तरी तेच. परत स्टँड, परत पिशवी. डोकं नुसतं भणभणलं.

मागे बसलेली बायको शेवटी म्हणाली, "अहो, बंदूक कशी थांबन? तुमचा पाय टेबलाले लागून हलून राहिला नं."

पाय मागे घेतला. पाचही छर्रे एकाच जागी.

घरी आल्यावर मात्र नव्या स्टँडचेच फोटो पाहून राहिलो. टेबलाखाली पाय हलूनच राहिला.

सांगा, टेकू कशाले लावू?