ठोशाचं कौतुक

मी बॉक्सिंग खेळायचे हे कळलं की आमच्याकडची माणसं एकच प्रश्न विचारतात. "ठोशात दम किती हाय?" पाय कसे हलवतेस, समोरच्याचा हात कसा चुकवतेस, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. नांदेडच्या भाजीबाजारात एका काकांनी तर पिशवी खाली ठेवली, तळवा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "मार बरं एक, बघू." मी मारलं नाही, तर काकाच नाराज झाले. मला या कौतुकाची किळस येते. खरंच येते, आणि का येते ते एकदा सांगूनच टाकते.

माझ्या ठोशात फारसा दम नव्हता. मनगटं बारीक, खांदे बेताचे. पण समोरचीचा खांदा जरा हलला की हात कुठून येणार ते मला दिसायचं. डोकं बाजूला घ्यायचं, तिचा ठोसा हवेत जाऊ द्यायचा, आपला डावा हात तिच्या तोंडावर नीट पोचवायचा आणि मागं सरकायचं. गुण त्याचेच मिळतात. हे सगळं मी मोबाईलवर बघून बघून शिकले, कारण आमचे वस्ताद मूळचे कुस्तीचे. तालमीत पोरं येईनाशी झाली तेव्हा त्यांनी छताला वाळूची पोती टांगली आणि बॉक्सिंग सुरू केलं. माणूस मायाळू. मला घरातून परवानगी मिळवून दिली ती त्यांनीच. पण माझा खेळ काही त्यांना पटायचा नाही. "माशा हाकलून राहिलीस का गं माय?" म्हणायचे. "एकच दे, पण आसा दे की समोरची झोपली पाहिजे."

विभागाच्या निवडीची वेळ आली. जिंकेल ती राज्यस्पर्धेला जाणार. वयात बसायचं माझं ते शेवटचं वर्ष होतं, आणि घरच्यांनी साफ सांगितलं होतं की निवड झाली तर पुढं खेळ, न्हाई झाली तर स्थळं बघायची. मी बिनघोर होते. आमच्या वजनगटात लातूरची एकच पोर समोर होती, तिचा खेळ मी बघितला होता, आणि तिला फक्त उजवा हात मारता येत होता.

घोळ झाला तो जागेचा. हॉल मिळाला नाही, म्हणून देगलूरकडच्या एका गावानं जत्रेत रिंग बांधून दिली. कुस्तीच्या फडातच बांबू रोवून दोर बांधले, मातीवर ताडपत्री टाकली. बाहेरून यायचे पंच आलेच नाहीत. मग फडातल्या जाणत्या मंडळींच्याच गळ्यात शिट्टी अडकवली. डोक्याला फेटे, समोर हलगी, माइकवर ओरडायला एक पठ्ठ्या. मला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

पहिल्या दोन फेऱ्यांत त्या पोरीचे हात माझ्या कानाजवळून नुसते वारा घालत गेले. मी मारायची, सरकायची. मारायची, सरकायची. खेळ माझा चालला होता आणि शिव्याही मलाच. "आगं मार की! नाचाया आलीस का?" "पळपुटी हाय ही!" ती हुकली तरी टाळ्या, माझा लागला तरी शुकशुकाट. समोर काय चाललंय ते दिसतच नव्हतं त्यांना.

तिसऱ्या फेरीत माझा पाय ताडपत्रीच्या चुणीत अडकला. तोल जात होता तेवढ्यात तिचा उजवा हात आला, तोही थेट कपाळाच्या टणक हाडावर, हेल्मेटच्या कडेपाशी. मी पडले, पाठ टेकली आणि लगेच उठले. बॉक्सिंगमध्ये अशा वेळी आठपर्यंत मोजतात, खेळाडू धडधाकट असला की खेळ पुढं सुरू होतो. मी हात वर धरून मोजणीची वाट बघत उभी. तर हलगी कडाडली, शिट्टीवाल्यानं तिचा हात वर केला आणि माइकवाला ओरडला, "चीऽऽत!"

"अहो, मोजा ना! मी उभी हाय!" मी ओरडले.

"काय मोजायचंय?" शिट्टीवाले म्हातारे म्हणाले. त्यांच्या तोंडावर लबाडी बिलकूल नव्हती, तेच जास्त झोंबलं. "पाठ लागली न्हाई का?"

मी वस्तादांकडं धावले. त्यांना नियम ठाऊक होता. तालमीत त्यांनीच शंभरदा आठपर्यंत मोजलेलं. "वस्ताद, सांगा ना त्यांना, ही कुस्ती न्हाई म्हणून."

वस्तादांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. "पाठ लागली, माय. सगळ्या गावानं बघितलं."

मग कुस्तीतली रीत सुरू झाली. जिंकलेल्यानं फडाला फेरी मारायची आणि लोकांनी त्याचा हात हातात घ्यायचा. त्या पोरीला गुलालानं माखून फिरवत होते. जो तो तिचा उजवा हात धरून हलवत होता, कुणी तर चेव येऊन दाबत होता. पोर हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. लोकांना वाटलं, आनंदानं. ती सारखा डावा हात पुढं करत होती, पण डावा कुणाला पाहिजे? ग्लोव्ह काढल्यावर बोटांच्या मुळाशी तो हात टम्म सुजलेला मला लांबून दिसला.

"वस्ताद, तिचा हात मोडलाय," मी म्हणाले. "दवाखान्यात न्यायला सांगा कुणाला तरी."

वस्तादांनी डोळे बारीक करून बघितलं. आणि मग, शी, त्यांचा चेहरा कौतुकानं उजळला. "बघ," मला म्हणाले, "हाड मोडंस्तवर मारली पोरीनं. ठोसा म्हणतात तो याला."

मला खरोखर ओकारी आली. रिंगच्या मागं जाऊन ओकले.

राज्यस्पर्धेला आमच्या वजनगटातून कुणीच गेलं नाही. तिचा हात प्लास्टरमध्ये, आणि चीत झालेल्या पोरीला पाठवणार कोण? माझ्यासाठी स्थळं आली. त्यातलंच एक लातूरचं, तिथंच आता राहते. नवरा भला आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही.

मागच्या श्रावणात मी बांगड्या भरायला गेले, तर दुकानात तीच पोर बसलेली. तिनंच मला ओळखलं. बांगडीवाली तिचा उजवा हात दाबून दाबून घामाघूम झाली होती. हाड वाकडं जुळलेलं, बांगडी गाठीपाशी अडायची. शेवटी सगळ्या बांगड्या डाव्याच हातात भरल्या. मला तिची फार दया आली. तीच बोलली.

"ताई, तवा तुला लई लागलं होतं का गं?"

लागलं काहीच नव्हतं. पाय अडकला होता. "हाव," मी म्हणाले. "लई."

तिचा चेहरा असा काही फुलला! "मावशी," ती बांगडीवालीला म्हणाली, "या ताईला म्या एका ठोशात पाडलं होतं."

"एकाच?" बांगडीवालीनं हातातलं काम सोडलं. "आगं बया! दाखव बरं, कसा मारलास?"

आणि तिनं दाखवायला मूठ वळली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटलंच नाही.