दुसऱ्या रिबनवरचं नाव

माझ्या मुलीच्या हायस्कूलच्या डिप्लोम्यावर माझं नाव नाही. तिचं नाव आहे, आडनाव आहे, मधे काही नाही. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, हे मी ती जन्मली तेव्हा हॉस्पिटलमधल्या बाईंना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि पोरीच्या मागे कायमची कटकट लागली. ‘तुझं मधलं नाव पुरुषाचं का?’ हा प्रश्न तिला बालवाडीपासून विचारला गेला. आधी ती समजावून सांगायची, मग चिडायची, आणि पुढे कधीतरी तिने ते नाव वापरणंच सोडून दिलं. शेवटच्या वर्षी शाळेने विचारलं, की समारंभात नाव कसं पुकारायचं? तिने जेवताना सहज सांगून टाकलं, “आय टोल्ड देम, जस्ट फर्स्ट अँड लास्ट.” मी “बरं” म्हणालो आणि आमटी वाढून घेतली. वाईट वाटलं होतं. एरवी आमच्या घरात नाकावर राग असतो तो माझ्याच, पण त्या दिवशी तो गिळला.

आम्ही अर्विंगसारखं शहर सोडून या गावात आलो ते माझ्या नोकरीमुळे. मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात आहे आणि कारखाना इथे, टेक्ससच्या उत्तरेला, मैलोन् मैल गवत सोडून काही नाही अशा ठिकाणी. अर्विंगला मुलीच्या वर्गात निम्मी मुलं आपली होती. गणपतीला, दिवाळीला घरं भरून जायची. तिथल्या मंडळाच्या गणपतीचं मखर मी करायचो, आणि ते बघायला लोक लांबून यायचे, असं निदान मी तरी सांगतो. इथे मराठी घर एकच, आमचं. एक मोठा रस्ता, धान्याचं कोठार, पाण्याची टाकी आणि तिच्यावर शाळेचं नाव. पोरगी अकरावीला इथे आली आणि बारावीला, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर झाली, तोवर तिच्या एक-दोन मैत्रिणी झाल्या होत्या. त्यावर तिने समाधान मानलं होतं, की मानल्यासारखं दाखवत होती, ते आम्हाला कळत नव्हतं.

शाळेच्या चालीरीती मला शिकवल्या त्या समोरच्या आजींनी. आम्ही त्यांना आपापसात ‘समोरच्या आजी’ म्हणतो. त्या मला ‘हनी’ म्हणतात. नव्वदीला टेकलेल्या, एकट्या राहणाऱ्या, स्वतःचं गवत स्वतः कापणाऱ्या. त्या याच शाळेतून पन्नासच्या दशकात बाहेर पडल्या. त्यांच्या वर्गात एका बसमध्ये मावतील एवढीच मुलं होती, आणि खरोखरच सीनियर सहलीला सगळा वर्ग एका बसमधून समुद्र बघायला गेला होता. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. वर्गाचं नाटक व्हायचं, त्यात पडदा ओढायचं काम आजींचं. गवताच्या गाडीवरून चांदण्यात फेरी निघायची, शाळेच्या जिममध्ये नाच असायचा, तिथे लाकडी फरशी खराब होऊ नये म्हणून बूट दाराशी काढून मोज्यांवर नाचायचं. हे ऐकून माझ्या बायकोला आजी एकदम आपल्या वाटू लागल्या. चपला बाहेर काढणारी माणसं तिला कुठेही आवडतात.

आजींनीच एकदा ‘मम’चं सांगितलं. ऑक्टोबरात होमकमिंग येतं. गाव सोडून गेलेली जुनी मुलं त्या शुक्रवारी परत येतात, संध्याकाळी फुटबॉलचा सामना असतो, आणि दिवसभर शाळेत मुली छातीवर मम लावून फिरतात. मम म्हणजे शेवंती. आजींच्या वेळी ते खरंखुरं एक फूल असायचं, मुलाने आणून द्यायचं, त्याला दोन रिबनी. आता फूल कापडी, परातीएवढं, गळ्यात अडकवायचं, आणि त्याखाली गुडघ्यापर्यंत रिबनी, घंटा, अस्वलं, पिसं, लुकलुकणारे दिवे. खालच्या वर्गातल्या मुली शाळेच्या रंगाचं घालतात. पांढरं आणि चंदेरी घालायचा मान फक्त सीनियर्सचा.

“आणि जिला कोणी देत नाही ती?” मी विचारलं.

“तिचं त्या शुक्रवारी पोट दुखतं,” आजी म्हणाल्या. “माझं दुखलं होतं. दिवसभर खिडकीशी बसून होते. आई बिचारी सोडा पाजत राहिली.”

हे त्यांनी हसत सांगितलं. मी घरी आलो तर लेक सोफ्यावर पाय पसरून म्हणत होती, की शुक्रवारी शाळेत तसं काहीच शिकवत नाहीत, तिला थोडं बरं वाटत नाहीये, बहुधा ती दांडी मारेल.

मी बायकोकडे पाहिलं. पोरगी ताकाला जाऊन भांडं लपवत होती. तिला मम हवं होतं आणि मागायचं नव्हतं.

बायको म्हणाली, दुकानातून विकत आणू. मी म्हणालो, वेडी आहेस का? थर्मोकोलचं शिखर उभं करणारा माणूस घरात असताना विकत? मला तर हे वर्णन ऐकतानाच कळलं होतं, की ही वस्तू म्हणजे गळ्यात घालायचं मखर आहे. दुसऱ्या दिवसापासून मी गॅरेजमध्ये बसलो. पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्यावर तीन मोठ्या पांढऱ्या शेवंत्या, भोवती चुण्या घातलेल्या रिबनीची कड. मागून बॅटरीवरचे दिवे, वायर अशी लपवलेली की मलाही सापडू नये. दुकानातल्या घंटा पत्र्याच्या होत्या, त्यांचा आवाज डबा हलवल्यासारखा. मी त्या परत केल्या आणि लेकीच्या कथकच्या जुन्या चाळांतली पितळी घुंगरं उसवून रिबनींच्या टोकांना ओवली. मधूनमधून आजी यायच्या, खुर्चीवर बसून सूचना करायच्या. मी शेवंतीच्या मधे थोडं कुंकवाचं लाल आणावं म्हणत होतो, कारण नुसतं पांढरं मला पुष्पचक्रासारखं दिसत होतं. त्यांनी हातावर चापटी मारली. सीनियर आहे ती, पांढरंच.

आता नावं राहिली. मधल्या दोन रुंद रिबनींवर चंदेरी अक्षरांत नावं असतात, ती हस्तकलेच्या सामानाच्या दुकानातली बाई मशीनवर काढून देते. तिने विचारलं, “दोन्ही रिबनींवर काय घालू?” मी म्हणालो, मुलीचं नाव, आणि सवयीप्रमाणे पूर्ण नाव सांगितलं. आडनाव ऐकून ती म्हणाली, एवढं मावणार नाही, तर एकीवर पहिलं आणि एकीवर दुसरं, असं करू का? मी म्हणालो, “पद्धत असेल तसं करा.” तिनं पद्धतीप्रमाणेच केलं. रिबनी हातात आल्या गुरुवारी. आजी त्या दिवशी चर्चच्या जेवणाच्या तयारीला गेल्या होत्या. मी एकट्यानेच त्या गरम डिंकाने चिकटवल्या, एकीवर लेकीचं नाव, शेजारी माझं. बायकोने पाहिलं आणि म्हणाली, “वा, काय सुरेख दिसतंय.” ती शाळेत असताना तिच्या नावापुढे बापाचं नाव होतं, आता माझं आहे. मधल्या नावाशिवाय माणूस अपुरा, हे तिच्या आणि माझ्या अंगात इतकं भिनलेलं, की दोघांच्याही मनाला काही खटकलं नाही.

शुक्रवारी सकाळी लेक खाली आली ती पोटावर हात ठेवूनच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मम, दिवे लावलेले. तिने पोटावरचा हात काढला.

“बाबा, तू केलंस?”

“मग काय डोंगरातून आणलं?”

तिने शेवंतीवरून हात फिरवला, घुंगरं हलवून पाहिली. “ओ माय गॉड, माझे घुंगरू!” आणि मग रिबनी सरळ केल्या, नावं वाचली, आणि थांबली.

“बाबा, व्हाय इज युअर नेम ऑन इट?”

“तुझंच आहे ते. पूर्ण नाव नको?”

“बाबा.” ती अगदी हळू बोलली, एखाद्या म्हाताऱ्याला समजावावं तसं. “सेकंड रिबन इज फॉर द डेट. ज्याच्याबरोबर आपण जातो त्याचं नाव असतं तिथे.”

बायकोने कपाळावर हात मारला. मी कात्री शोधायला धावलो. पण मी चिकटवलेली वस्तू सुटत नाही, त्याचा मला आजवर अभिमान होता; रिबन ओढली तर अख्खं फूल उखडून येत होतं. म्हटलं, वरून दुसरी लावतो, पाच मिनिटं दे.

“लीव्ह इट. आय’म लेट.”

तिने मम उचललं, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि निघून गेली. गळ्यात घातलं नाही.

दिवसभर कारखान्यात माझं लक्ष नव्हतं. एका पंपाची चाचणी मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा आकडे लिहायचे विसरलो. जे नाव मागे टाकण्यासाठी पोरीने एवढी वर्षं घालवली, तेच मी परातीएवढ्या फुलाखाली चंदेरी अक्षरांत तिच्या गळ्यात अडकवायला निघालो होतो, आणि तेही जिथे सगळी शाळा त्याचा एकच अर्थ लावणार अशा जागी. पोरगी नक्कीच ते गाडीत टाकून शाळेत गेली असणार. आणि मम नसलेली एकटीच सीनियर म्हणून फिरत असणार. म्हणजे मी काही केलं नसतं तर निदान पोटदुखी तरी घरी बसून निभावली असती.

संध्याकाळी सामन्याला आजींना न्यायचं ठरलेलं होतं. बायको कामावर होती. मैदानावर सगळं गाव आलेलं. बाहेर खाण्याचा स्टॉल, तो सीनियर्स चालवतात. त्या पैशातून वर्षाअखेरचा त्यांचा नाच होतो. लेकीची पाळी तिथे होती. मी ठरवलं होतं, की स्टॉलकडे फिरकायचंच नाही. पण आजींना पॉपकॉर्न हवे होते, आणि त्यांनी माझा दंड असा घट्ट धरला होता, की त्यांना एकट्या पाठवणं शक्य नव्हतं.

रांगेत आमच्यापुढे बरीच माणसं होती, त्यामुळे काही दिसत नव्हतं. आधी घुंगरं ऐकू आली.

खिडकीपाशी पोचलो तर ती उभी होती, गळ्यात मम, सगळे दिवे लुकलुकत, पिवळ्या चीजचा एक थेंब पिसांवर पडलेला. दोन्ही रिबनी समोर. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला आजी कौतुकाने म्हणाल्या, की किती देखणं आहे हे. ती म्हणाली, “देखणं आहे, पण सकाळपासून आम्ही डोकं फोडतोय, हा मुलगा कोण? कुठल्या शाळेतला? ही सांगतच नाही.”

म्हणजे दिवसभर घातलं होतं. आणि दिवसभर सांगितलं नव्हतं. मला एकाच वेळी बरं वाटलं आणि बोचलंही. मी पॉपकॉर्नच्या दरांचा फलक वाचायला लागलो.

आजींनी चष्मा लावला, नाक जवळजवळ रिबनीला टेकवलं आणि अक्षर अक्षर लावत माझं नाव वाचलं. त्या मला कायम हनी म्हणत आलेल्या. माझं नाव त्यांना कधी लागलंच नव्हतं. “कोण आहे गं हा नशीबवान?”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान थोडीशी हलवली, म्हणजे सांगू नकोस, चालेल मला.

“तुम्ही ज्याचा दंड धरून उभ्या आहात ना,” ती आजींना इंग्रजीत म्हणाली, अगदी स्पष्ट, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “तोच. माझे बाबा. त्यांनी स्वतः केलंय. आणि ते माझं मिडल नेम आहे.”

मैत्रीण माझ्याकडे बघून किंचाळली, मग दोघी हसत सुटल्या. मी हसलो नाही, कारण मला रडू येत होतं, आणि नव्वदीच्या बाईसमोर रडायची मला लाज वाटली. लेकीने आजींना पॉपकॉर्न दिले आणि माझ्यापुढे चीज घातलेल्या नाचोचा डबा सरकवला. “बाबा, मिरच्या जास्त घातल्यात,” ती मराठीत म्हणाली, आणि “नेक्स्ट!” म्हणून मागच्या माणसाकडे वळली.

मे महिन्यात समारंभात तिचं नाव पुकारलं गेलं ते दोनच शब्दांत, तिने सांगितलं होतं तसं. मी टाळ्या वाजवल्या. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही हे मी खरं सांगतो आहे.

सामन्याच्या त्या संध्याकाळी, स्टॉलवरून, मी आजींना हळूहळू पायऱ्या चढवून जागेवर नेलं. खाली बँड लागत होता. त्या पॉपकॉर्न न खाता मांडीवर धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “आमच्या कुंपणाला शेवंतीच होती, हनी. ओळीने. पांढरी. वडील रोज संध्याकाळी पाणी घालायचे. त्या शुक्रवारीही घातलं. त्यांना सुचलं नाही, आणि मी मागितलं नाही.”

मी त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. सामना सुरू झाला.