ओहोटीला येणारे भावजी

जरा जवळ सरक बघू. तू पुण्यात आणि मी बेलापुरात, तरी जवळ सरक असंच म्हणते, कारण तुला रागवायचंय आणि लांबून रागावलं की भांडल्यासारखं वाटतं. तो मोबाईल स्पीकरवर टाक आणि पालथा ठेव. दिवाळीत तू त्याच मोबाईलने एक उद्योग करून ठेवलायस, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी तुझे आबा, म्हणजे माझे धाकटे दीर, काय चीज आहेत ते तुला नीट सांगते. अख्ख्या नवी मुंबईत समुद्राविरुद्ध लेखी तक्रार दिलेला माणूस एकच आहे, आणि तो आपल्या घरातला आहे.

भावजी आयुष्यभर नीरेच्या कालव्यावर पाटकरी होते हे तुला माहीत आहे, पण पाटकरी म्हणजे काय ते माहीत नसेल. कालव्याच्या भरावावरून रोज सायकल हाणायची, कुणाच्या शेताची पाळी आहे ते बघून दार उघडायचं, बंद करायचं, आणि पाणी चोरणाऱ्याशी भांडायचं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बाभळी, मध्ये भावजी. तीस वर्षं समोरून एक गाडी म्हणून आली नाही. असा माणूस म्हातारपणी तुझ्या बाबाने नेरुळच्या चौथ्या मजल्यावर आणून ठेवला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खिडकीतून सोसायटीमागचा नाला पाहिला आणि मला फोन केला, "वहिनी, इथं पाट आहे हो." मी म्हटलं, "भावजी, तो नाला आहे." तर म्हणाले, "नाव काही का असेना, काठ पक्का बांधलाय. सायकल जाईल."

सायकल गेली. रोज सकाळी नाल्याच्या काठाने पाहणी सुरू झाली. चौथ्या दिवशी पुन्हा फोन. आवाज अगदी खाली आलेला, घरात कुणी वारल्यासारखा. "वहिनी, पाणी उलटं चाललंय. खालून वर. कुणीतरी गेट उघडं टाकून झोपलाय." दोन दिवस त्यांनी नाल्यात खुणा केलेली काठी धरून उंची मोजली, वहीत उतरवली आणि थेट वॉर्ड ऑफिसात जाऊन अर्ज दिला. तिथल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, समुद्राच्या नावाने आलेला अर्ज आम्ही कुठे पाठवायचा?" भावजींना पटेना. शेवटी माझ्या दारात मासे घेऊन येणाऱ्या, दिवाळे गावच्या कोळीण मावशीने समजावलं. पाटी उतरवून उकिडवी बसली आणि म्हणाली, "भाऊ, भरती हाय ती. खाडीचा पानी दिवसातून दोनदा वर चढतो नि दोनदा उतरतो. त्याला तुमचा गेट नाय न् चावी नाय." भावजींनी खिशातून वही काढली. मग विचारलं, "मग पाळी कोण ठरवतं?" ती म्हणाली, "चंद्र ठरवतो. तिथी बघा न् चाला."

त्या दिवसापासून हा माणूस घड्याळावरून उठला आणि तिथीवर बसला.

आता मुख्य गोष्ट ऐक. तुझ्या मोठ्या आबांना, म्हणजे आमच्या ह्यांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून त्यांचा उजवा हात चालत नाही, बोलणंही दोन-चार शब्दांचं. दाढी करायला न्हावी घरी बोलावला तर ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी रेझर घेतलं तर डोळे मिटून असे बसले की मलाच भीती वाटली. भावजींनी आपण होऊन ब्रश उचलला आणि हे लहान मुलासारखी हनुवटी वर करून बसले. तेव्हापासून ह्यांची दाढी म्हणजे भावजींचं काम. नेरुळहून बेलापूर, सायकलवर, दिवसाआड. एकदा एका रिक्षाचा कोपरा लागला, भावजी पडले, कोपर सोलवटलं. तुझ्या बाबाने त्या दिवशी सांगून टाकलं, "गाड्यांच्या रस्त्यावर सायकल दिसली तर ती कुणाला तरी देऊन टाकीन." बसने या म्हटलं तर भावजी म्हणाले, "बसमधून उतरल्यावर माझा हात स्थिर राहत नाही, आणि काम गालाचं आहे."

मग त्यांनी रस्ता शोधला. महिनाभर शोधला. एकही गाडी नसलेला नेरुळ ते बेलापूर रस्ता या शहरात आहे, हे शहर बांधणाऱ्यांनाही माहीत नसेल. आधी नाल्याचा काठ, मग पाणी साठवायचा तो मोठा तलाव, त्याच्या बांधावरून, मग एकामागून एक तीन गार्डनं. गार्डनात सायकलला मनाई. पहिल्या गार्डनचा वॉचमन सारसोळे गावचा, तो शिटी वाजवून म्हणाला, "आजोबा, सायकल आत नाय." भावजी खाली उतरून म्हणाले, "मी चालवत नाही. ती माझ्याबरोबर फिरायला आलीय." तो म्हणाला, "मग तिला पन बाकड्यावर बसवा, दमली असल." तिथपासून दोस्ती. तिन्ही गार्डनांत सायकल हाताने ढकलत नेतात आणि वाटेत एखादा नळ ठिबकताना दिसला की खिशातून सुतळी काढून बांधतात. त्या वॉचमनला बदली व्हायची धास्ती नाही, पण साहेब येऊन ह्या सुतळ्या कुणाच्या म्हणून विचारतील याची आहे.

राहिला मधला मोठा रस्ता. त्याच्यावरून गाड्या अशा जातात की माणूस पलीकडे पोचेपर्यंत म्हातारा होईल, आणि भावजी तर आधीच आहेत. तो त्यांनी खालून ओलांडला. नाला पुलाखालून जातो, तिथे एका कडेला हातभर रुंद सिमेंटचा पट्टा आहे. ओहोटीला कोरडा, भरतीला पाण्याखाली. म्हणजे आमच्या घरची दाढी चंद्राच्या हातात गेली. पौर्णिमा-अमावास्येला भावजी सकाळी सातला हजर, मग रोज पाऊण-एक तास उशीर, अष्टमीला भर दुपारी, पुढे चार वाजता चहाला. मी कुकर लावायच्या आधी पंचांग बघू लागले. शेजारची बाई म्हणाली, "काकू, तुमच्याकडे उपास-तापास फार वाढलेत का?" मी कुठे सांगत बसू.

दाढी करताना भावजींची बडबड ऐकावी. "दादा, हनुवटीखाली वळायचं म्हणजे टेलचं शेत बघ, कालव्याच्या अगदी शेवटाला. तिथं पाणी पोचत नाही आणि शिव्या मात्र पाटकऱ्याला." हे तोंडाला फेस असताना हसायचे आणि रेझर थांबायचा.

आणि हे तुला कुणी सांगितलं नसेल. सातला आलेला माणूस साडेआठपर्यंत निघाला तरच पट्टा कोरडा मिळतो. नाही निघाला, तर पाणी उतरायला संध्याकाळ. भावजी आठ वाजता घड्याळ बघायचे. सव्वाआठला दुसरा चहा मागायचे. पावणेनऊला खिडकीपाशी जाऊन खाडीकडे पाहायचे आणि खुर्चीत परत बसायचे. "चढलं पाणी. अडकलो, वहिनी." चेहरा कसा, तर शाळेला अचानक सुट्टी मिळालेला. मी एकदा म्हटलं, "रिक्षा बोलावू का?" तर म्हणाले, "पाण्याची पाळी मोडून चालत नाही." मग जेवण, मग दोघे भाऊ एकाच पलंगावर डोक्याला डोकं लावून आडवे, मग रेडिओ, मग चहा. अमावास्येची वाट बघणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तुझे मोठे आबा डाव्या हाताने कॅलेंडरवर बोट ठेवून मला दाखवायचे, किती दिवस राहिले.

आता तुझा उद्योग. दिवाळीत तू पुलावरून व्हिडिओ काढलास. आबा खाली वाकून, सायकल खांद्यावर, पाणी घोट्यापर्यंत. त्या दिवशी त्यांना दोन तास उशीर झाला होता, कारण तू उठेपर्यंत थांबून तुला थालीपीठ करून वाढत होते. तू तो फॅमिली ग्रुपवर टाकलास, खाली हसणारी तोंडं. तुझ्या आत्याने लाल बदामांची चित्रं पाठवली. तुझ्या बाबाने फक्त पाणी पाहिलं. संध्याकाळी सायकलला साखळी आली आणि किल्ली त्याच्या खिशात गेली.

तुझा बाबा वाईट नाही. त्याचं टेन्शन खरं आहे, बाप पाण्यात दिसला तर कुणीही किल्ली खिशात घालेल. आता तो दर रविवारी आबांना गाडीतून आणतो. खाली पार्किंग नाही, म्हणून गाडीतच बसतो, दिवे लुकलुकत ठेवून. भावजी वर येतात, पंधरा मिनिटांत दाढी उरकतात, काही बोलत नाहीत. हाताला सवय आहे म्हणून गाल कापला जात नाही इतकंच. मी चहा टाकते तर म्हणतात, "नको वहिनी, गाडी उभी आहे." गेल्या रविवारी ह्यांनी डाव्या हाताने त्यांची बाही धरली. धरूनच बसले. खालून हॉर्न वाजला, तसं भावजींनी एकेक बोट सोडवलं आणि म्हणाले, "दादा, पुढच्या रविवारी." दिवसाआडची दाढी आता आठवड्याची झालीय. ह्यांचे गाल पांढरे झालेत आणि कॅलेंडर त्यांनी मागितलेलं नाही.

तू काही माफी मागू नकोस, तू लेकरू आहेस. एक कर. तुझ्या बाबाने तो रस्ता फक्त तुझ्या मोबाईलमध्ये, वरून पाहिलाय. खाली उतरून, ओहोटीला, कोरड्या पट्ट्यावर पाय ठेवून एकदाही पाहिलेला नाही. येत्या शनिवारी पौर्णिमा आहे. शुक्रवारी संध्याकाळीच नेरुळला ये. शनिवारी पहाटे बाबाला उठव, किल्ली घ्यायला लाव, आणि आबांच्या मागून दोघं चालत या. तो तुला नाही म्हणत नाही, हे आम्ही सगळे जाणतो. सातच्या सुमाराला पोचाल. साडेआठला तो जाऊ या म्हणेल, तेव्हा तू दुसरा चहा माग. पावणेनऊला पाणी चढेल आणि तुम्हाला कुणालाच संध्याकाळपर्यंत इथून हलता येणार नाही. मी पाच जणांचा भात टाकते. ये गं लवकर.