खळ लावलेलं शेवटचं प्रकरण

शंकरराव मिलमध्ये सुताला खळ लावायच्या खात्यात मुकादम होते, आणि तीच खळ ते डबीत घालून घरी आणत. घरी ती पुस्तकांना लागे. मिलच्या मराठी वाचनालयातून बायकोसाठी पुस्तक बदलून आणायचं, आधी स्वतः वाचायचं आणि घरातल्या बाईनं वाचण्यासारखं नाही असं वाटलं की ती पानं एकमेकांना चिकटवून टाकायची, हा त्यांचा नेम. पुढच्या वाचकांचीही त्यात आपसूक सोय होई. इंदूरच्या सबंध जुनी इंदूर भागात एवढा कष्टाळू सेन्सॉर दुसरा नसेल.

त्यांच्या बायकोला, यशोधराबाईंना, कपाटापुढे उभं राहून आपल्या हातानं पुस्तक निवडायची फार हौस. माहेरी देवासला त्या निवडत. इथे मिलच्या गेटात बायकांनी जायचं नाही, म्हणून नवरा आणील ते गोड मानायचं. चिकटलेलं पान चहाच्या वाफेवर धरलं असतं तर सहज सुटलं असतं. त्यांनी कधी धरलं नाही. भीती होती का? होतीच. पण खोटं कशाला बोला, त्या पानांत काय असेल ते मनाशी रचायचा त्यांना नादही लागला होता.

दुपारी शेजारणी निवडण घेऊन त्यांच्या ओट्यावर जमत आणि यशोधराबाई वाचलेली कादंबरी सांगत. चिकटलेल्या पानांपाशी त्या थांबत नसत. नवरा पानं चिकटवतो हे चारचौघींत सांगायचं कसं? घराची शोभा झाली असती. मग तिथे त्या पदरचं घालत, आणि बायकांना ते पुस्तकातलंच वाटे.

सगळ्यांत जीव लावून ऐके ती समोरच्या घरातली सून, प्रेमलता. मॅट्रिक झालेली. नवऱ्याचा हात उठायचा. उज्जैनला भावानं तिच्यासाठी बालवाडीतली नोकरी पाहून ठेवली होती, पण सासरचे सोडत नव्हते. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कोणी नव्हतं.

त्या सुमारास एक कादंबरी आली. त्यातली मार खाणारी सून लेकराला कडेवर घेऊन घराबाहेर पाऊल टाकते, आणि पुढचं, म्हणजे शेवटचं प्रकरण, अख्खं चिकटलेलं.

"फिर? गेली का वहिनी ती?" प्रेमलतानं विचारलं. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"कुठली जातेय!" यशोधराबाई म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंत गेली. नवरा मागून धावत आला, माफी मागितली. आली परत. सगळं ठीक झालं."

बायकांना बरं वाटलं. प्रेमलता सूप उचलून घरी गेली.

पुढे मिल बंद पडली. वाचनालयाची पुस्तकं रद्दीवाल्यानं हातगाडीवर घालून नेली, आणि शंकरराव दिवसभर खाटेवर बसून राहू लागले. आता यशोधराबाईंना अडवणारं कोणी नव्हतं, तर वाचायला काही उरलं नव्हतं. नवऱ्यावर रागवायची सोयसुद्धा राहिली नाही. त्या माणसाचे हातच रिकामे झाले होते.

काही वर्षांनी लेक अनुश्री शहरातल्याच भंवरकुआं भागात कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागली. एकदा ती आईला तिथल्या सायबर कॅफेत घेऊन गेली.

"आई, इथे कोई रोकटोक नाहीये. जे मन करेल ते शोध. बोल ना, काय टाकू?"

यशोधराबाईंच्या तोंडून त्या कादंबरीचं नाव निघालं. परदेशातल्या कुणा मराठी बाईनं आपल्या आवडत्या जुन्या पुस्तकांवर लिहिलं होतं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. अनुश्रीनं अडखळत वाचून दाखवलं. ती सून परत येत नाही. परगावी शाळेत नोकरी धरते आणि मुलाला एकटीनं वाढवते.

"मस्त एंडिंग आहे यार, आई!"

इतकी वर्षं यशोधराबाईंना वाटत होतं, तिथे काहीतरी चावट असणार. चावट काही नव्हतंच. एक बाई घर सोडून गेली होती, एवढंच. पानं नवऱ्यानं चिकटवली हे खरं, पण तिला माघारी आणली ती आपण. हे मनात आलं आणि त्यांना त्या खुर्चीवर बसवेना.

त्या तडक प्रेमलताकडे गेल्या. ती तांदूळ निवडत बसली होती. तिला आता डाव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. चिकटवलेली पानं, पदरचा शेवट आणि खरा शेवट.

प्रेमलतानं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"वहिनी, त्या दिवशी माझी पेटी भरलेली होती," ती म्हणाली. "खाटेखाली सरकवून तुमच्याकडे आले होते. म्हटलं, शेवट तेवढा ऐकून घेऊ, आणि मग उज्जैनची बस धरू."